जाम झालेले बोल्ट

आरटीओच्या तपासनीस मॅडमनी ब्रेक दाबून धरला आणि मोटरसायकल सगळा जोर लावून पुढे ढकलून पाहिली. म्हातारी जागची हलली नाही. घरात गाडीला सगळे म्हातारीच म्हणायचे.

"दम आहे अजून हिच्यात," मॅडम म्हणाल्या.

मुलीने रोखून धरलेला श्वास अर्धाच सोडला. दिवे, हॉर्न, धूर, सगळं व्हायचं होतं. बाबांनी सकाळीच बजावलं होतं, पास झाली तर तुझी, नापास झाली तर भंगारात. खिशातलं नवंकोरं लायसन्स तिने पुन्हा एकदा चाचपलं.

म्हातारीचं प्रगतिपुस्तक तिला तोंडपाठ होतं. तरुणपणी पहिल्या फटक्यात पास, तेही ऐटीत. मग एका वर्षी हेडलाइट तिरळा निघाला. पुढे शॉकमधून तेल गळू लागलं, सायलेन्सरला भोक पडलं, हॉर्नचा तर घसाच बसला. या मॉडेलच्या तिच्या बहिणी केव्हाच भंगारात गेल्या. ही मात्र दर खेपेला काठावर का होईना, सुटत आली.

दिवे झाले. हॉर्न झाला. धूरही बरा निघाला.

"आणि हे काय?" मॅडम खाली वाकल्या.

नेहमीच्या फूटरेस्टच्या वीतभर वर, दोन्ही बाजूंना एकेक चिमुकला फूटरेस्ट होता, लाल रबराचा. ती बालवाडीत असताना तिचे पाय लोंबकळू नयेत म्हणून बाबांनी घरीच बसवलेले. "मागे माकड बसतं का गं?" मैत्रिणी खिदळायच्या. ती तणतणत घरी आली की बाबांचं उत्तर ठरलेलं: "बोल्ट जाम झालेत. निघतच नाहीत."

"जादा भाग लावलेली गाडी पास करता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "काढावे लागतील."

ती पटकन पुढे झाली. "अहो, जाम झालेत ते! कापावेच लागतील. आजच्या दिवस राहू दे ना, प्लीज."

"जाम?" मॅडमनी बाबांकडे पाहिलं. "काका, दर वेळी तर काढून आणता. या वेळी विसरलात?"

बाबा स्वच्छच असलेला आरसा बाहीने पुसत राहिले.

"वय झालं," ते पुटपुटले.

"गाडीचं?"

बाबा दुसरा आरसा पुसू लागले.

मुलीने गाडीच्या हत्यारांच्या डब्यातून पाना काढला, दात आवळले आणि जोर लावला. बोल्ट अलगद फिरला. पुढचे आटे तर बोटांनीच सुटले. बोटांना पिवळं, ताजं ग्रीस लागलं. तिने वर पाहिलं. बाबा समोरच्या भिंतीवरची सूचना मन लावून वाचत होते.

"पास," मॅडम म्हणाल्या. "काठावर."

बाबांनी चावी तिच्या हातावर ठेवली आणि पहिल्यांदाच मागे बसले. पहिल्या वळणानंतर तिने गाडी कडेला घेतली.

"काय झालं? बंद पडली?"

"नाही." मागे न बघताच तिने हात पसरला. "पाना दे."

"कशाला?"

"जाम झालेत ना ते बोल्ट?"

बाबांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पाना आणि ते दोन्ही लाल फूटरेस्ट होते.

"मैत्रिणी हसतील हं."

"हसू दे."

"मग डावीकडचा आधी लाव," बाबा म्हणाले. "तो जरा हट्टी आहे."