एका ओळीचा शेरा

जाड कागदावरून मऊ शिसपेन सरकताना होतो तो आवाज फार थोड्या लोकांच्या कानी पडतो. नांगरटीच्या रानावरून वारा हलकेच जावा तसा तो आवाज आमच्या ऑफिसच्या पूर्वेकडच्या खिडकीपासून दिवसभर येत असे, आणि आम्ही बाकीचे पाच जण एवढ्या मोठ्यानं बोलत असू की तो बंद झाल्यावरच मला त्याची पहिली जाणीव झाली.

त्या खिडकीशी रशीदभाई बसत. नंदुरबारातली आमची संस्था डोंगराळ गावांतल्या आयांसाठी पोषणाचे चित्रतक्ते करायची. पत्रकांतली शाळेची मराठी तिथं पोचत नव्हती, म्हणून चित्रं. ती सारी रशीदभाईंच्या हातची. पंचेचाळिशीचा, सडपातळ, किंचित वाकलेला माणूस. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्याकडून हात आला होता आणि बहुधा अबोलपणाही. हिवाळ्यात सकाळचं ऊन त्यांच्या टेबलावर तिरपं उतरे, तेव्हा रंगाचे ब्रश धुतलेल्या पेल्यातलं पाणी कधी हळदी, कधी गेरूच्या रंगाचं दिसे. एखादी गोष्ट पटली नाही तर ते चष्मा काढून समोर ठेवत. बस्स. त्यांचा विरोध एवढाच असे.

मी या गटाची प्रमुख. आमचं घर तापीकाठच्या गुजरांचं. ताटावर बसल्यावरही सगळे एकाच वेळी बोलत, आणि कुणी गप्प राहिलं तर त्याला ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून बघत. मौन म्हणजे रुसवा किंवा दुखणं, तिसरा अर्थ मला कुणी शिकवलाच नव्हता. सोमवारच्या बैठकीत रशीदभाई तासभर फक्त ‘जी’ म्हणत, खाली मान घालून इतिवृत्ताच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी रेखाटत राहत. दुपारनंतर केव्हातरी एक कागद माझ्या टेबलावर येऊन पडलेला असे. कुणी ठेवला हे विचारायची गरज नसे, आणि मीही कधी मान वर करून पाहिलं नाही.

एकदा बाळाला भरवण्याच्या तक्त्यावरून आमचा आठवडाभर वाद चालला होता. आईच्या मांडीवर बाळ, समोर वाटी, असं चित्र आम्ही ठरवून टाकलं. दुपारी आलेल्या कागदावर आई नव्हतीच. सात-आठ वर्षांची बहीण कडेवरच्या भावाला भरवत होती, आणि लांब पायवाटेवर आईची पाठमोरी आकृती कामाला निघाली होती. ते चित्र लागलं तेव्हा गावोगावच्या बाया पुढं सरकल्या, बोट ठेवून आपसांत बोलू लागल्या. आमची जीप गावात गेली की आम्ही माहिती सांगायचो. रशीदभाई ओट्याच्या कडेला बसून बायांचं बोलणं ऐकायचे. हे आम्हाला ठाऊक होतं. त्याची किंमत ठाऊक नव्हती.

मग संस्थेला पैसे देणारे पाहुणे बाहेरून काम पाहायला येणार असं ठरलं. कार्यक्रम जवळच्या खांडबारा गावी होता. आदल्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले.

“रशीदभाई, उद्या तक्ते तुम्हीच समजावून सांगा.”

त्यांनी ब्रश पुसला. “ताई, मी तक्ते भिंतवर लावी देसू. बोलाले दुसरं कोनीतरी ठेवा.”

“असं कसं? टीम आहे आपली. प्रत्येकानं पुढं यायला हवं.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी तो पाहिला, आणि न पाहिल्यासारखं करून निघून आले. माझ्या मनात तेव्हा वाईट काही नव्हतं. एका माणसाला उजेडात आणायचं पुण्य आपण करतो आहोत असंच वाटत होतं. उजेड आपल्याला सोसतो म्हणून तो सगळ्यांना सोसेलच, हा माझा अहंकार होता.

दुसऱ्या दिवशी खांडबाऱ्याच्या सभागृहात पाहुणे खुर्च्यांवर होते, बाया खाली सतरंजीवर. रशीदभाई तक्त्यापाशी उभे राहिले. त्यांची बोटं कागदाच्या कडेला होती. एक मिनिट गेलं असेल. त्यांचे ओठ हलले, शब्द आला नाही. मी उठले, माईक घेतला आणि हसत म्हणाले,

“आमचे रशीदभाई जरा लाजाळू आहेत. नव्या नवरीसारखे!”

खुर्च्या हसल्या. सतरंजीवरचं कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतली एक वयस्क बाई इथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत काही म्हणाली. आमच्या गटातल्या सुनीताला ती बोली येत होती, तिनं खालच्या आवाजात मला सांगितलं, “म्हणतेय, या माणसाला कशाला हसता? आमच्या पाड्यावर हाच एकटा आमचं ऐकत बसला होता.” मी ऐकलं आणि माईकवर पुढं बोलत राहिले. नंतर एका पाहुण्यानं बहिणीच्या चित्राकडे बोट करून विचारलं, ही कल्पना कुणाची? “आमच्या टीमची,” मी म्हणाले. चार पावलांवर रशीदभाई एकेक तक्ता गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले नाहीत.

पंधरा दिवसांनी वार्षिक शेरे लिहायचे होते. मी लिहिलं : ‘काम उत्तम. मात्र संघात मिसळत नाहीत.’ त्यावरूनच वरच्या कार्यालयानं त्यांची नेमणूक पुढं वाढवली नाही. बोलका माणूस हवा, असं कळवलं. एका ओळीचं वजन इतकं असेल याची मला कल्पना नव्हती, असं मी पुष्कळांना सांगितलं. ते खरं नाही. मला कल्पना होती.

शेवटच्या दिवशी त्यांनी निरोपसमारंभ नको म्हणून सांगितलं. हातातला तक्ता पुरा केला, ब्रश धुतले, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं आणि सगळ्यांना सलाम करून गेले.

चार महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. ओसरीत सुरतेच्या एका साडीवाल्यासाठी ते वेलबुट्ट्या काढत होते. त्यांच्या बायकोनं चहा आणला. कप हातात धरूनच मी म्हणाले, “तो शेरा मी लिहिला होता.”

“माले माहीत शे, ताई.”

“मग तुम्ही काही बोलला का नाहीत? एकदा तरी बोलायचं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादं चित्र पुरं झालं की नाही हे पाहावं तसं.

“बोलतच तर व्हतू,” ते म्हणाले. “रोज तुमना टेबलवर कागद ठेवत व्हतू, ते काय व्हतं मंग?”

मी ‘परत या’ म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा वेलीकडे वळले. चहा निवून गेला होता तरी मी तो संपवला. उठायचं धैर्य होईना म्हणून.

त्यांच्या जागी आलेला तरुण चांगला बोलतो. बैठका रंगतात, पाहुणे खूश होऊन जातात. गावातल्या बाया मात्र तक्त्यांकडे दुरूनच पाहतात आणि उठून जातात. हल्ली बोलता बोलता मी मध्येच थांबते. माणूस गेला की त्याची जागा रिकामी होते असं आपण म्हणतो. पण एखादा माणूस गेल्यावर, बऱ्याच दिवसांनी, कळतं की त्या खोलीत ऐकणारा तो एकटाच होता, आणि तेव्हापासून आपले शब्द कुठंच पोचत नाहीयेत.