आमच्या गल्लीत कुणी धावत नाही

शिकागोच्या पश्चिमेला आमच्या गल्लीत कुणी धावत नाही. पोलिसांच्या नकाशावर आमची वस्ती गुन्ह्यांची म्हणून रंगवलेली आहे, आणि अशा वस्तीत पोलिसांना बघून धावणाऱ्यावर संशय घ्यायला कोर्टाचीही हरकत नाही. त्यामुळे घराला आग लागली तरी आम्ही फेरफटका मारायला निघाल्यासारखे बाहेर पडतो.

त्या मंगळवारी माझी न्हाव्याच्या लायसन्सची परीक्षा होती. दहाला दार बंद. चुकली की पुढली सहा महिन्यांनी, तोवर मामाच्या सलूनमध्ये झाडू मारायचा. कोपऱ्यावर बस उभी होती. मी पिशवी घेऊन चालत निघालो.

पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली.

"नाव काय रे?"

"कॉर्डेल."

"बस सुटतेय, कॉर्डेल. धावत का नाहीस?"

"धावलो की तुम्ही थांबवता, साहेब."

"आणि धावला नाहीस म्हणून संशय आला." हे साहेबांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला क्षणभर पटलंच. "पिशवीत काय आहे?"

"डोकं."

गाडीतला दुसरा पोलीसही खाली उतरला.

डोकं प्लास्टिकचं होतं. परीक्षेत केस कापायला ज्याचं त्यानं आणायचं असतं. दुसऱ्यानं त्याच्या केसांत बोटं घालून रीतसर झडती घेतली. कानामागेही बघितलं.

बस अजून उभीच होती. ती चालवणाऱ्या ओडेसामावशींना आमची चाल ठाऊक आहे. आरशात कुणी येताना दिसलं की त्या थांबतात. आता त्या खिडकीतून ओरडल्या, "काय हो, पोराला नेताय की नुसतं डोकं? एकदाचं ठरवा!"

बस हसली. साहेब नाही हसले. "जा," म्हणाले.

"पावती?" मी हात पुढे केला. झडती घेतली की पावती द्यावी लागते, कारणासकट.

साहेबांनी लिहिलं, 'बसकडे चालत होता.' वाचलं, खोडलं. मग लिहिलं, 'पिशवीत डोकं.'

"ते नंतर सापडलं, साहेब. थांबवलंत तेव्हाचं कारण लिहा."

साहेबांनी ती पावती फाडली. शेवटी नव्या पावतीवर कारणाची जागा कोरी ठेवून सही ठोकली.

"तुमचा एक कल्ला खाली आलाय," मी पावती घडी घालत म्हणालो. "पुढल्या महिन्यात या. तोवर लायसन्स आलेलं असेल."

बस पोचली तेव्हा दहाला एक मिनिट कमी होतं. दारातला रखवालदार ओरडला, "अरे, धाव की!" मी चालतच गेलो. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, "पश्चिमेचा का रे?" म्हणाला, आणि मी आत जाईपर्यंत दार धरून उभा राहिला.

पास झालो.

पुढल्या महिन्यात साहेब खरोखरच सलूनमध्ये आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, वस्तरा उघडला आणि आरशातून विचारलं, "कारण?"