रात्रीचं पाणी

डॉक्टर अर्पितानं कमलच्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली आणि तोंड उघडायला सांगितलं. निम्मं उघडेपर्यंत ठीक होतं. पुढं जबडा एका बाजूला सरकला आणि खट्‌कन वाजला, इतका की भिंतीलगतच्या बाकावर बसलेल्या मल्लिनाथनं दचकून बायकोकडं पाहिलं.

"सकाळी उठल्यावर जास्त दुखतं?"

"सकाळी तर बोट जाईना तोंडात. भाकरी चहात भिजवून खायची पाळी आलीया. आन् डोकं नुसतं ठणकतंय."

"झोप नीट लागते?"

या प्रश्नाची कमल वाटच बघत होती. बाकाच्या टोकाला तिची सासू इरम्मा बसली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं घेऊन. तिच्याकडं न बघता कमलनं सुरुवात केली. गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झालेली कहाणी होती ती, डॉक्टरच तेवढी ऐकायची राहिली होती. शेतीची लाईट रात्रीची, म्हणून मल्लिनाथ उसाला पाणी द्यायला रानात. घरात दोघीच, एका खोलीत. आणि डोळा लागला रे लागला की म्हातारीची हाक, "कमल, पाणी दे." उठून तांब्या द्यावा, तर घेतला तर एक घोट, नाहीतर तसाच खाली. जरा वेळानं पुन्हा तेच. वर दिवसा जेवण झालं की ही बाई ओसरीवर आडवी होते, ती दिवेलागणीलाच उठते. शेजारणी हसायच्या, सासूवरचा राग कमल झोपेत दातांवर काढते म्हणायच्या. काढत असेल तर काय चुकलं, असं कमलला वाटायचं.

शेवटी तिनं नवऱ्याला निक्षून सांगितलं होतं, एक तर त्या राहतील नाहीतर मी. म्हणून आज धाकटा दीर गुरुलिंग सोलापूरहून गाडी घेऊन उमरग्याला येणार होता, आईला कायमची न्यायला. दवाखाना आणि पाठवणी एकाच फेरीत उरकावी, ही युक्तीही कमलचीच. म्हातारी हूं की चूं न करता निघाली होती.

डॉक्टरनं आरशानं आतले दात पाहिले, जीभ बाहेर काढायला लावली. दाढा झिजून सपाट झाल्या होत्या.

"तुम्ही घोरता?"

"असंल थोडंफार. थकल्यावर कोण न्हाय घोरत?"

"झोपेत श्वास अडकतो का तुमचा? कुणी पाहिलंय?"

"आमी रातचं रानात असतो, मॅडम," मल्लिनाथ म्हणाला. "आमाला काय ठावं?"

"अडकतो की."

इरम्मा बोलली होती. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द.

"आदी घोरती. मग एकदम गप व्हती. छाती वरखाली व्हती, पर वारं काय आत जात न्हाय. मग जबडा फुडं काढती, दात करकर खाती. तवा म्या हाक मारती."

"आणि पाणी?" डॉक्टरनं विचारलं.

"नुसत्या हाकंनं कूस बदलती, आन् पुन्ना तेच. पाणी मागितलं की उठावंच लागतं तिला. उठली की दम घेती."

कमलनं खुर्चीतूनच वळून पहिल्यांदा सासूकडं पाहिलं. मल्लिनाथ आईकडं असा बघत होता, जणू ही बाई त्यानं आजच पाहिली.

डॉक्टरनं हातमोजे काढले आणि स्टूल ओढून समोर बसली.

"झोपेत जीभ मागं पडते आणि हवेची वाट बुजते. ती मोकळी करायला कधी कधी शरीर जबडा पुढं ढकलतं, दात आवळतं. रात्रभर हेच चाललं तर कानापुढचा सांधा दुखणारच. जबडा दुखणाऱ्या सगळ्यांचं असं असतं असं नाही, पण तुमचं तसंच दिसतंय. सोलापूरला झोपेची तपासणी करून घ्या. गरज पडली तर मशीन देतात, नाकावर मास्क लावून झोपायचं, हवा आत जात राहते. तोवर एकट्या झोपू नका."

"म्हंजे यांच्या हाकंमुळं दुखत न्हाय?"

"नाही. त्या हाकेनं तुमचा श्वास सुरू होत होता."

कमलनं तोंडावर पदर घेतला. पदराआडूनच तिनं विचारलं, "आत्याबाई, सांगितलं का न्हाय मला?"

"माज्या बहिणीचंबी असंच व्हायचं. तिला सांगितलं हुतं. भ्याली, झोपंनाच. मग एका राती लागली झोप." इरम्मा गाठोड्याची गाठ चाचपत राहिली. "सकाळी उठलीच न्हाय."

म्हातारी दुपारभर का झोपायची, ते कमलला आत्ता कळलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते बाहेर आले तेव्हा गुरुलिंगची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. गाठोडं कमलच्या हातात होतं. गाडीचं दार उघडलं तरी तिनं ते पुढं केलं नाही.

"ऱ्हावा तुमी," ती म्हणाली. "नगा जाऊ."

इरम्मानं तिच्याकडं नीट पाहिलं. नजरेत राग नव्हता. बाजारात वांगी निवडताना बघावं तसं पाहिलं.

"ऱ्हाती की. पर ती मशीन आली, की मग?"

यावर लगेच काहीतरी बोलायला हवं होतं. दुसरी कुणी असती तर पटकन बोलून मोकळी झाली असती, खोटं का होईना. पण कमल विचारात पडली, आणि ती विचारात पडली हे दोघींनाही दिसलं.

इरम्मानं गाठोडं हळूच काढून घेतलं आणि गाडीत जाऊन बसली. गुरुलिंगनं गाडी सुरू केली तसं तिनं त्याला थांबायला सांगितलं, काच खाली करायला लावली आणि थोरल्या लेकाला जवळ बोलावलं.

"मल्ल्या, ऊस वाळला तर वाळू दे. आजपासनं रातचं घरात ऱ्हा. आन् डोळा लागू दिऊ नको."