पाखरीची शर्यत

सकाळपासून धोंडुबाईचं डोकं फिरलेलं. कराडजवळच्या त्या भल्यामोठ्या रेसच्या मैदानावर घोड्यांना पंखे, घोड्यांना दवाखाना, घोड्यांना पोहायला तलाव. आणि बायामाणसांच्या संडासाला कुलूप! वर नवरा, बिरदेव, सारखा बजावत होता, "तोंड बंद ठेव. तुजी हाक ऐकली तर पाखरी शर्यत सोडून हिकडं यील."

येणारच की! मेंढरांमागं रानोमाळ फिरताना तळ हलवायचा झाला, की बिरदेव शीळ घालायचा, धोंडुबाई हाक मारायची, आणि पाखरी घोडी असेल तिथून येऊन बिऱ्हाड लादायला पाठ देऊन उभी राहायची.

आज गावठी घोड्यांच्या शर्यतीत ती पहिली आली, तर कराडचे जयराजशेठ तिला विकत घेणार होते. बिरदेवनं चार माणसांत शब्द देऊन टाकलेला. बायकोला विचारलं? छे! विचारलं असतं तर मिशा गळून पडल्या असत्या ना!

"आवं, अजून बी न्हाई म्हणा," ती म्हणाली.

"शब्द म्हंजे शब्द. गप ऱ्हा."

तिनं पदर तोंडात कोंबला. झेंडा पडला, आणि ही भवानी अशी सुटली की मागच्यांना नुसती धूळ! कधी नव्हे ते आजच हिच्या अंगात वारं शिरायचं होतं. धोंडुबाईला अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचाच राग आला. काचेच्या गॅलरीत जयराजशेठ टाळ्या पिटत होते.

शेवटचा खांब हाकेवर आला, आणि धोंडुबाईच्या कानाशी शीळ वाजली. तळ हलवायची, लांबलचक.

पाखरी जागच्या जागी थांबली. जॉकी गवतावर पडला आणि शिव्या देत उठला. बाकीची घोडी पुढं निघून गेली. पाखरी मात्र निवांत कठड्याशी त्या दोघांजवळ आली आणि पाठ देऊन उभी राहिली. लोक पोट धरून हसले. शेठनी तोंड फिरवलं.

"माज्या तोंडाला कुलूप, आन तुमच्या?" धोंडुबाई नवऱ्यावर उखडली. "जळली मेली ती सवय!"

बिरदेव घोडीच्या मानेत तोंड खुपसून उभा होता. "सवय न्हवं गं. तिला द्यायचं जिवावर आलं. शब्द मोडता यीना, म्हून शर्यत मोडली."

"मग इतकं दिस काय मिठाची गुळणी धरलीती?" ती ओरडली, आणि तिलाच रडू फुटलं. डोळे पुसत तिनं हातातलं गाठोडं पाखरीच्या पाठीवर टाकलं.

"आता हला तरी. मेंढरं उपाशी हाईत."