नाक्यावरच्या फळ्याची साक्ष

माझ्यावर लिहिलेलं वाचायला लोक चालता चालता थांबायचे. आज माझ्यावर एक अक्षरही नाही, म्हणून मीच बोलतोय. मी फळा. मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडच्या एका नाक्यावर, केमिस्टच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर मी जवळपास दीड वर्ष टांगलेला होतो.

मला भाईंदरच्या बबन सुताराने घडवलं, दोन हजार सहा सालच्या दिवाळीनंतर. त्याने जाड, जड लाकूड घेतलं. "नाक्यावर राहायचंय त्याला. हलकं टिकणार नाही," तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता.

मला बनवून घेतलं उत्तम धुमाळ यांनी. सगळे त्यांना उत्तम सर म्हणायचे. नाक्यामागच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचा गणिताचा क्लास होता. दोनदा नापास झालेल्या मुलालाही सर मागच्या बाकावर बसवत नसत, त्यामुळे अर्ध्या वस्तीची मुलं त्यांच्यावर जीव टाकायची. सर एका लहान विरोधी पक्षाचं काम करत. मुंबईतल्या खोल्या सोडून इथे आलेल्या कुटुंबांना तेव्हा एकाच गोष्टीने जेरीला आणलं होतं, ती म्हणजे पाणी. ते तीन दिवसांनी यायचं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. पाणी केव्हा येणार हे चौकशी करून रोज लोकांना सांगायचं, एवढ्यासाठी माझा जन्म.

माझ्यावर लिहायची सुरुची. सुरुची वारंग, वय एकोणीस, कॉमर्सला होती. तिचे वडील जितेंद्र वारंग विमा कंपनीत कारकून. फार भिडस्त माणूस. कॉलेजला जाण्याआधी सुरुची स्टुलावर चढून लिहायची आणि खाली स्टूल धरायला स्वप्नील घाग असायचा. स्वप्नील शेजारच्या इमारतीतला, शिंप्याचा मुलगा. सरांनी हाताला धरून त्याला बारावी पास केलं होतं. त्याला पोलिसात जायचं होतं. रोज सकाळी तो घोडबंदरच्या रस्त्याने पळायचा आणि घामाघूम होऊन माझ्यासमोर येऊन उभा राहायचा.

माणसांची एक गंमत मी पाहिली. फळा वाचताना कुणीही आपण वाचतोय असं दाखवत नाही. चप्पल नीट केल्यासारखं करतात, फोन काढतात, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं वाचून घेतात. पण शुद्धलेखनाची चूक दिसली, की थुंकी लावलेलं बोट घेऊन हजर.

दोन हजार सात साली महापालिकेची निवडणूक आली आणि सर उभे राहिले. साठ-सत्तर मुलं-मुली त्यांच्यामागे. कुणी सांगितलं म्हणून कुणी आलं नव्हतं. प्रचार सुरू झाला त्या दिवशी सरांनी सुरुचीच्या हातातला खडू मागून घेतला आणि माझ्यावर स्वतः लिहिलं: 'निवडून आलो तरी विरोधातच बसेन. पाण्याचा जाब विचारेन. – उत्तम धुमाळ.' ते अक्षर आठवडाभर कुणी पुसलं नाही. पाण्याची वेळ सुरुची त्याच्याखाली, बारीक अक्षरात लिहायची.

मतदानाला चार दिवस होते. दुपारी सत्ताधाऱ्यांकडचे तिघे जण पोस्टर आणि खळीची बादली घेऊन आले. ती बाबाजीशेठची माणसं. इथल्या सत्ताधाऱ्यांचा सगळा कारभार बाबाजीशेठच्या शब्दावर चालायचा. तिघांतला धाकू चेणे गावचा, पन्नाशीचा माणूस. तो स्टुलावर चढला आणि सरांच्या अक्षरांवर पोस्टर चिकटवायला लागला.

स्वप्नील धावत आला. "काका, फळ्यावर नको ना. बाजूला एवढी भिंत आहे."

धाकूने ऐकलं नाही. पोस्टर नीट बसेना, म्हणून त्याने माझी चौकट धरून हिसका दिला. माझा वरचा आकडा आधीच सैल झाला होता. मी सुटलो आणि सगळ्या वजनानिशी त्याच्या मनगटावर पडलो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला धाकूच्या अंगावरून बाजूला केलं ते स्वप्नीलने. आपला रुमाल काढून त्याचा हात बांधला, रिक्षा थांबवली आणि त्याला आत बसवलं.

संध्याकाळी तक्रार झाली. स्वप्नीलने फळा उचलून धाकूच्या हातावर घातला, असं कागदावर आलं. बाकीच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. खरा साक्षीदार मी होतो, पण मला कोण विचारणार? माझ्यावर दुसऱ्याने लिहावं लागतं.

सर लगेच पोलीस ठाण्यात गेले. स्वप्नीलला जामीन मिळवून परत आणलं. नाक्यावर सगळी मुलं जमली होती. सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. ही केस तुझ्या एकट्यावर नाही. आपल्या सगळ्यांवर आहे असं समज."

स्वप्नीलचे डोळे भरून आले. केस झाल्याचं दुःख त्याला त्या क्षणी उरलंच नव्हतं.

सर निवडून आले, थोडक्या मतांनी. मुलांनी त्यांना खांद्यावर घेऊन सगळा परिसर फिरवला, पुढचा खांदा स्वप्नीलचा. त्यांच्या पक्षाचे तिघेच निवडून आले होते. तिघे विरोधी बाकावर बसले. सरांनी पहिल्याच सभेत पाण्यावरून प्रश्न विचारल्याची बातमी सुरुचीने माझ्यावर लिहिली, भोवती फुलांची वेलबुट्टी काढून.

चार महिने गेले. जानेवारीत एका सकाळी समोरच्या खांबावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर उत्तम सर हात जोडून हसत होते, आणि शेजारी बाबाजीशेठ. तिघांनीही पक्ष सोडला होता. तिघे मिळून गेल्यामुळे पक्षांतरबंदी कायद्याचीही अडचण आली नव्हती. पाणीपुरवठ्याच्या समितीवर सरांची वर्णी लागली होती.

सुरुची आली तेव्हा सरांच्या ऑफिसातून आलेली चिठ्ठी तिच्या हातात होती. 'हार्दिक अभिनंदन' लिहायचं होतं. ती स्टुलावर चढली आणि खडू धरून नुसती उभी राहिली.

मागून कुणीतरी विचारलं, "आज क्या लिखा नहीं?"

तो मुलेंगा होता. झांबियातून मुंबईत शिकायला आलेला मुलगा, समोरच्या इमारतीत भाड्याने राहायचा. त्याला मराठी वाचता येत नसे, म्हणून पाण्याची वेळ तो रोज सुरुचीलाच विचारायचा. तिने फ्लेक्सकडे बोट दाखवलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं.

मुलेंगाने मान वर करून फ्लेक्स पाहिला. "मेरे घर पे भी ऐसा हुआ," तो हळू बोलला. "हमारा मेंबर ऑपोजिशन का था. हम स्टुडेंट लोग उसके लिए गाँव-गाँव पैदल गया. फिर गव्हर्मेंट ने उसको डेप्युटी मिनिस्टर बनाया, वो उधर चला गया. मेरा भाई तीन दिन खाना नहीं खाया."

"फिर?"

"फिर खाया. वोट अभी भी देता है. कंधे पे किसी को नहीं उठाता."

सुरुचीने चिठ्ठीची घडी करून पर्समध्ये टाकली आणि माझ्यावर लिहिलं: 'पाणी उद्या सकाळी ६ ते ८.' बाकी काही नाही.

खोटं कशाला बोलू, सर तिकडे गेल्यावर पाणी सुधारलं. महिन्याभरात एक दिवसाआड यायला लागलं, तेही ठरल्या वेळी. बायका माझ्यासमोर उभ्या राहून सरांना आशीर्वाद द्यायच्या. सुरुचीची आईही त्यांत होती.

त्याच दिवसांत स्वप्नील पोलीस भरतीत मैदानी परीक्षेत उत्तीर्ण झाला, लेखीतही पास झाला. मग चारित्र्य पडताळणी आली आणि केस आडवी आली. निकाल लागेपर्यंत त्याचं नाव बाजूला ठेवलं गेलं. वर्षअखेरीला तो वयाच्या अटीबाहेर जाणार होता.

एक दिवस केमिस्टकडून औषध घेऊन धाकू बाहेर पडला. त्याचं मनगट वाकडंच जुळलं होतं. सुरुची स्टुलावरून उतरून त्याच्यासमोर गेली.

"काका, खरं सांगा. हात कशाने मोडला?"

धाकूने आजूबाजूला पाहिलं. "फल्यानं मोडला, पोरी. पोरानं न्हाय. त्यानं तर बांधला माजा हात."

"मग तक्रारीत तसं का सांगितलंत?"

"मी कुटं सांगलं? शेठच्या मानसानं लिवलं, मी डाव्या हातानं सही केली. शेठ हो बोलला तर उद्या जाऊन खरं सांगन. शेठच्या इरोदात मना जमाचं न्हाय. माजं घर त्याच्या जाग्यात हाय."

सुरुचीला वाटलं, आता फार काही अवघड नाही. शेठ आणि सर आता एकाच पक्षात होते. एका शब्दाचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सरांची गाडी नाक्यावर थांबली तेव्हा तिने काचेपाशी जाऊन सगळं सांगितलं.

"सुरुची, मी तिकडे नवीन आहे," सर म्हणाले. "आत्ताच शेठकडे असलं काही मागणं बरं दिसत नाही. थोडं थांब."

"मी थांबेन, सर. स्वप्नीलचं वय थांबत नाहीये."

"बघतो मी," सर म्हणाले, आणि काच वर गेली.

दीड महिना तिने वाट पाहिली. मग एका सोमवारी पाण्याची वेळ लिहून झाल्यावर ती उतरली नाही. तिने खाली लिहिलं: 'सर, स्वप्नीलवरची केस आपल्या सगळ्यांवर आहे असं तुम्ही म्हणाला होतात. सगळ्यांवर म्हणजे कुणाकुणावर? – सुरुची जितेंद्र वारंग.'

त्या दिवशी माझ्यासमोर कुणी चप्पल नीट करण्याचं सोंग केलं नाही. लोक सरळ उभे राहून वाचत होते. ऑफिसला निघालेल्या जितेंद्ररावांनीही वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

"विचारायचं ते विचार. पण नाव कशाला लिहिलंस?"

"सरांनी लिहिलं होतं ना, बाबा. आपलं म्हणणं असेल तर खाली नाव लिहावं, असं तेच शिकवायचे."

दहाच्या सुमारास सर स्वतः आले. सुरुची तिथेच होती. सरांनी ओळ वाचली, कट्ट्यावरचं डस्टर उचललं.

"विरोधात बसून मी तुम्हाला काय दिलं असतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. दमलेला होता. "निवेदनं? मोर्चे? आज घरात पाणी येतंय ना?"

"येतंय, सर. आई रोज तुमचं नाव काढते. पण मी पाण्याचं विचारलंच नाहीये."

सरांनी डस्टर माझ्यापर्यंत आणलं. इतक्या जवळून मी त्यांना प्रचाराच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच पाहत होतो. क्लासमध्ये मुलाने उत्तर येत नसलेला प्रश्न विचारला, तर 'उद्या सांगतो' म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच सांगणारा तो माणूस. त्यांनी पुसलं नाही. डस्टर खाली ठेवलं आणि निघून गेले.

दुपारी दोन माणसं आली आणि त्यांनी मला उतरवलं. नाका स्वच्छ करायचा आहे, म्हणाले. मी फुटपाथवर पडून होतो. संध्याकाळी ऑफिसातून परतताना जितेंद्रराव थांबले. चार लोक बघत होते. त्यांनी डबा बगलेत मारला, मला दोन्ही हातांनी उचललं आणि धापा टाकत आपल्या सोसायटीच्या मीटररूममध्ये आणून ठेवलं. त्या भिडस्त माणसाने त्या दिवशी केवढं मोठं काम केलं, ते मी विसरणार नाही.

त्यानंतरचं मी ऐकलेलं सांगतो. केस ठाण्याच्या कोर्टात उभी राहिली ती दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत. शेठने काही सांगितलं नव्हतं, सरांनीही काही केलं नव्हतं. पण धाकू पिंजऱ्यात उभा राहिला, वाकडा हात पुढे केला आणि म्हणाला, "पोरानं मारलं न्हाय, साहेब. फला पडला." पुढच्याच महिन्यात त्याला चेण्याचं घर सोडावं लागलं. स्वप्नील निर्दोष सुटला. त्याने तारखेकडे पाहिलं, तर वयाची अट दोन महिन्यांपूर्वीच संपली होती.

सरांनी त्याला पेढे पाठवले. स्वप्नीलने आणणाऱ्याला बसवलं, पाणी दिलं, एक पेढा खाल्ला. "सरांना सांग, मिळाले," एवढंच म्हणाला. आता तो शाळेची बस चालवतो. धाकूला घोडबंदरला भाड्याची खोली त्यानेच शोधून दिली.

काल मीटररूमचं दार उघडलं. सुरुची होती, आता ती बँकेत जाते. तिच्याबरोबर पाच-सहा कॉलेजची मुलं. दुसऱ्या कुठल्या विरोधी पक्षाचा उमेदवार त्यांना आवडलाय, आणि त्यांना फळा हवाय. ती नाही म्हणेल असं मला वाटलं होतं.

"न्या," ती म्हणाली. "आकडे नवीन बसवा, जड आहे तो. आणि तुमच्यातल्या कुणावर केस झाली तर कोर्टात रोज कोण येणार, ते उमेदवाराला आधी विचारा. उत्तर फळ्यावर लिहून घ्या."

मुलं हसली. ती हसली नाही.

उद्या ती मुलं मला न्यायला येणार आहेत. वाचकहो, तुमचा निरोप घेतो. कुठल्या तरी नाक्यावर मी पुन्हा दिसेन. थांबून वाचा, आणि जमलं तर स्टूल धरणाऱ्या मुलाचं नावही विचारून घ्या. माझ्यावर दिलेला शब्द ओल्या फडक्याने जातो. पोलीस ठाण्याच्या वहीत चढलेलं नाव जायला दीड वर्ष लागलं, आणि तेवढ्यात त्या मुलाचं वय निघून गेलं.