नावं ठेवलेले हेडफोन

आमच्या इसिकेलीने आमच्या घरातून आजवर काय काय नेलं ते मला विचारू नका. विचारलंत तर जेवूनच जावं लागेल. माझ्या नवऱ्याचे, पेनायाचे, चर्चला जाताना घालायचे बूट नेले. पंखा नेला, तोही चालू. मी समोर बसून घाम पुसतेय आणि ह्याने प्लग उपटला, पंखा काखेत मारला आणि चालता झाला. एकदा कोंबडी नेली, खुराड्यासकट! मी बोंबा मारतेय आणि पेनाया पोट धरून हसतोय. "वासू आहे तो, लायसानी. नेणारच."

वासू म्हणजे बहिणीचा मुलगा. मामाच्या घरात त्याने विचारायचं नसतं, हात लावेल ते त्याचं. माझ्या माहेरच्या बेटावरही ही रीत आहे, नाही असं नाही. पण तिकडच्या भाच्यांना थोडी लाज असते. हा म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा.

आणि मग माझी नणंद उनाइसी, इसिकेलीची आई, वारली. तिचे शंभर दिवस झाले, सुतकाचे काळे कपडे उतरले, आणि त्यानंतर इसिकेली पहिल्यांदा आमच्याकडे नौसोरीला आला. दारात चपला नीट लावल्या. मांडी घालून बसला. आणि म्हणाला, "मामी, पाणी पिऊ का?"

मी पेनायाकडे बघितलं. त्याचं तोंड असं झालं होतं की कुणीतरी थोबाडीत मारली असावी. पोरगं पाणी पिऊन, आभार मानून गेलं. त्या दिवशी पेनायाने पान न जेवताच बाजूला सरकवलं. "पाणी विचारून प्यायला," एवढंच म्हणाला. मग ते रोजचंच झालं. पोरगा यायचा, सभ्यपणे बसायचा, रिकाम्या हातांनी जायचा, आणि इकडे नवरा अर्ध्या पानावरून उठायचा. सुतार माणूस, हातोडीसारखा दणकट, पण आतून वाळत चालला.

मी समजावलं. "अरे, बरं आहे की. घरात चार वस्तू टिकतील."

"तुला नाही कळायचं. भाचा नेत नाही म्हणजे मामा मेला त्याच्यासाठी. बहीण गेली ती गेली, आता तिचं पोरही गेलं."

मी त्याचं पान झाकून ठेवलं.

त्यातच बातमी आली की इसिकेली फळं तोडायच्या कामाला ऑस्ट्रेलियात निघालाय. तिथे एका खोलीत सहा पोरं. पेनायाने ते ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या डोळ्यांत पाणी सोडून दुसरं काहीतरी चमकलं.

"त्याचे हेडफोन बघितलेस?"

बघितले होते. एका बाजूची गादी गळून पडलेली, दांडीला चिकटपट्टी. आमच्या ह्या पोराचा जीव तीन गोष्टींत: दोस्तांबरोबर फोनवर तो बंदुकांचा खेळ खेळायचा, गाणी ऐकायची आणि सिनेमे बघायचे. त्या पट्टीवाल्या हेडफोनमध्ये तिन्हींचा एकच लगदा व्हायचा.

"चांगले आणू," पेनाया म्हणाला, "आणि घरात ठेवू. नेईल तो."

"आणून हातात दे की सरळ."

"देऊन कसं चालेल? देतात पाहुण्याला. भाच्याने न्यायचं असतं."

आता ह्या डोक्याशी कोण भांडणार! पण चांगले म्हणजे कुठले, ते आम्हा दोघांना काय ठाऊक? मी बाजारात खेकडे विकणारी बाई, मला खेकड्याची नांगी दाबून सांगता येतं, हेडफोनचं काय दाबायचं? शेवटी पेनायाने इसिकेलीलाच सांगितलं, "मला हेडफोन घ्यायचेत. म्हातारपणी हौस. चल सुव्हाला, पारखून दे."

सुव्हात जयवंतीचं दुकान आहे. ती माझ्याकडून दर शनिवारी खेकडे नेते, त्यामुळे तिने आम्हाला स्टुलं दिली आणि काचेवर चार जोड मांडले. इसिकेली खुशीत आला. मामासाठी म्हणून त्याने अशी काही पारख सुरू केली की मी बघतच राहिले. पहिला जोड पेनायाच्या डोक्यावर चढवला आणि खेळ लावला. "मामा, डोळे मीट. मागून कुणीतरी चालत येतंय. कुठल्या बाजूने?"

"डावीकडून," पेनाया म्हणाला आणि दचकून खरोखर मागे वळला. मागे जयवंतीची सासू चहा घेऊन येत होती. ती बिचारी कप सांभाळत भिंतीला टेकली.

"हे खेळाला ठीक," इसिकेली म्हणाला, "पण गाण्यात पत्र्याचा डबा वाजतो." दुसऱ्यात सिनेमाचे स्फोट असे की कानात नारळ पडतोय, पण माणसं बोलली की ओठच हललेले दिसायचे. तिसरा जोड मऊ होता, पोर म्हणालं, "मामा, तुझ्या मोठ्या डोक्याला हाच. छान आहे, घेऊन टाक." त्यात खेळाची पावलं चारी बाजूंनी एकदमच यायची, मी स्वतः ऐकलं. तरी म्हणे छान!

मग त्याने चौथा लावला, साधा काळा. खेळ ऐकला, मग सिनेमा, मग चर्चमधल्या आमच्या गायकांचं गाणं. गाणं चालू असताना त्याचे डोळे आपोआप मिटले आणि खांदे खाली आले.

"कसे आहेत?" पेनायाने विचारलं.

पोराने डोळे उघडले, मामाकडे बघितलं, आणि घाईघाईने म्हणालं, "वाईट आहेत."

"काय वाईट?"

"खेळात शत्रू कुठून येतो ते नको इतकं कळतं. मजाच जाते. सिनेमात कुजबुजसुद्धा ऐकू येते, ती ऐकून काय करायचंय? आणि गाण्यात एकेक माणूस वेगळा ऐकू येतो. कुणी बेसूर झालं तर लगेच पकडलं जाईल. कशाला लोकांची फजिती?"

जयवंती चक्रावली. "अरे बाबा, ह्याच्यासाठी तर लोक हे शोधत येतात!"

"वाईटच आहेत," इसिकेली म्हणाला. पण हात बघा त्याचा! त्या काळ्या कपावरून अंगठा फिरतोय आपला, लहान मुलाच्या गालावरून फिरवावा तसा.

मी पेनायाकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आमच्यात एखाद्याच्या वस्तूची स्तुती केली की मालकाला ती द्यावीच लागते. म्हणून शहाणं माणूस हवी असलेली वस्तू दिसली की गप्प बसतं, आणि फारच हवी असली तर नावं ठेवतं. एवढी नावं ठेवली म्हणजे पोराचा जीवच जडला होता.

"जयवंती," मी म्हटलं, "ज्यांना नावं ठेवली ते बांध."

"मामी, नको! ते खरंच—"

"तू गप रे. मामाला वाईटच आवडतात. मला नाही का केलं?"

तर हेडफोन घरी आले, आणि मग जी नाटकं सुरू झाली! पेनाया ते गळ्यात अडकवून डुकरांना खायला घालायला जायचा, का तर इसिकेली रस्त्याने जातो. कधी ओसरीवर ठेवायचा, कधी इसिकेलीच्या पानाशेजारी. एकदा पोर जेवायला आलं तर हेडफोन त्याच्या बसायच्या जागेवरच. त्याने ते दोन्ही हातांनी उचलले, फडताळावर ठेवले, वर फडकं झाकलं. "धूळ बसेल, मामा." पेनाया उठून परसात गेला आणि बराच वेळ एकाच फळीला रंधा मारत राहिला.

असं करता करता निघायचा दिवस उजाडला. पोर दुपारी निरोप घ्यायला आलं. कमरेला स्वच्छ सुलू, म्हणजे आमची लुंगी, नेसलेलं, हातात मानाचं पेय करायच्या यांगोनाच्या मुळांचा जुडगा, आणि बसलं कुठे? दाराशी. परक्या गावचा माणूस मुखियाकडे येऊन बसतो तसं खाली मान घालून. पेनायाने ते बघितलं. मुळं स्वीकारायला पुढे यायचं, चार शब्द बोलायचे, ही रीत. पण त्याने हेडफोन कानांवर घट्ट बसवले, टीव्हीकडे तोंड केलं आणि सिनेमा बघत बसला. पाठ आमच्याकडे. त्या पाठीकडे बघून मला रडूही आलं आणि संतापही आला.

मी पोराला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "काय केलंय रे त्याने तुझं? का असा वागतोस? दोन घास जात नाहीत त्याला!"

"मी काय केलं?"

"काही केलं नाहीस, तेच! नेत का नाहीस काही? आई गेली म्हणून नातं संपलं का?"

तो ओट्याला टेकला. म्हणाला, "मामी, मला आई सांगायची."

"काय सांगायची?"

"काय न्यायचं ते. इथे येऊन जायची ना, तेव्हा बघून ठेवायची. 'बूट ने, त्याला चावतात, पण नवे आहेत म्हणून फेकवत नाहीत. पंखा ने, त्याला शॉक येतो, लायसानी एक दिवस चिकटेल.' कोंबडी आपलीच अंडी फोडून खायची, ते तिने बघितलं होतं. म्हणायची, मामा काहीही देईल, जीवसुद्धा देईल, म्हणून आपण बघून घ्यायचं." तो ओट्याची कड नखाने खरवडू लागला. "आता मला कोण सांगणार? मी चुकून असं काही नेलं की ज्याच्यावाचून त्याचं अडेल, तर तो हसेल आणि बोलणार नाही. मला भीती वाटते, मामी. ते हेडफोन तर त्याला किती आवडलेत. कानांवरून काढत नाही."

इतकी वर्षं मी वन्संना मनातल्या मनात शिव्या घालत होते, की पोराला वळण नाही लावलं बाईने. आणि बाई माझ्या घरात चहा पिता पिता माझ्याच पंख्याची काळजी करत होती! मला तिथल्या तिथे हुंदका फुटला. पोर घाबरलं.

मी बाहीने तोंड पुसलं. "ऐक. त्याला त्या हेडफोनमधलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी त्याचे कान दुखतात, पण तू येशील म्हणून घालून बसतो. ते ने."

"नक्की?"

"नक्की. आणि माझी ती नवी चटई गुंडाळलेली आहे ना, तीही ने. तिकडे थंड जमिनीवर झोपशील मेल्या. इथून पुढे मी सांगेन. मला फोन करायचा, मी बघून ठेवेन. आणि मामाला यातलं एक अक्षर कळलं तर तंगडी तोडेन."

पोराने मला अशी मिठी मारली की बरगड्या कुरकुरल्या. मग बाहेर गेलं. पेनायाला काय, कान बंद, पाठ दाराकडे. सिनेमात पडद्यावर कुणीतरी कड्यावर लोंबकळत होतं. इसिकेलीने मागून जाऊन दोन्ही हातांनी हेडफोन उचलले, स्वतःच्या कानांवर चढवले, वायर खेचली, कोपऱ्यातली चटई खांद्यावर टाकली आणि निघाला. वळूनसुद्धा बघितलं नाही.

पेनायाने आपले रिकामे कान चाचपून बघितले. मग जो उठला तो थेट रस्त्यावर. "चोर! अरे चोरा! सिनेमा अर्धा राहिला माझा! बघा रे, भरदिवसा लुटलं मला!" शेजारणी बाहेर आल्या. हा ओरडतोय आणि गालांवरून धारा लागल्यात. इसिकेली बसथांब्याकडे चालला होता, त्याला काय ऐकू जाणार? त्या हेडफोनमधून बाहेरचा आवाज आत येतच नव्हता.

पेनाया धापा टाकत घरात आला. "लायसानी, बघितलंस? विचारलंसुद्धा नाही! सरळ डोक्यावरून! आणि तुझी चटई!"

"बघितलं. निर्लज्ज आहे मेला. आईने वळण लावलं असतं तर ही वेळ आली असती का?"

"माझ्या बहिणीला बोलायचं नाही," तो गुरगुरला आणि ताट ओढून बसला. मी दालोचे उकडलेले कंद वाढले, नारळाच्या दुधातला मासा वाढला. तो जेवत राहिला, मागून मागून घेत राहिला. वन्सं इतकी वर्षं त्याला यातला एक शब्द बोलल्या नव्हत्या. मीही नाही बोलले. आणखी एक पळी वाढली.