वच्छलाबाईंनी नाव घेतलं

“आणि हे कोण बसलेत, मावशी?” नीरजानं विचारलं.

“पुंजाराम,” वच्छलाबाई म्हणाल्या. लगेच आणि खणखणीत.

नीरजानं स्मरणचाचणीच्या कागदावर बरोबरची खूण केली. शेजारी बसलेल्या पुंजारामांनी मात्र मान खाली घातली. तिचं तिकडं लक्ष गेलं नाही, पीएच.डी. रेंगाळली की समोरची माणसं जरा कमीच दिसतात.

मेंदूचे फोटो पाहून अल्झायमरची सुरुवात ओळखायला ती संगणकाला शिकवत होती. त्यासाठी म्हातारी माणसं हवीत म्हणून करमाडपर्यंतची गावं तिनं पालथी घातली होती. साल दुष्काळाचं. टँकरची वाट पाहणारी सगळी मंडळी एका जागी सापडत, तेवढीच सोय. पुंजाराम तिथंच भेटले होते. “आमची ही टँकरपासून रिकामीच घागर घेऊन घरी येती,” ते म्हणाले होते. “वयाचं हाय का दुसरं काही, एवढं बघा ताई.”

आज चिकलठाण्याच्या स्कॅन सेंटरमध्ये वच्छलाबाईंच्या मेंदूचा फोटो निघाला आणि पडद्यावर आला. असे फोटो नीरजानं ढिगानं पाहिले होते, तरी दर वेळी ती नव्यानं पाहत राहायची. ओंजळीत मावेल एवढ्या ऐवजात एक अख्खी बाई! पेरण्या, बाळंतपणं, कंपनीत गेलेलं शेत, जावेशी धरलेला अबोला, सगळं तिथंच.

पुंजाराम चपला दाराशी काढूनच आले होते, आता त्यांनी हातही जोडले. “मधी काळं काय हाय?”

“पाणी. मेंदू आकसला की तिथं पाणी भरतं.”

“भाईर थेंब नाय,” ते म्हणाले, “आन हिच्या आत...”

एवढ्यात संगणकानं आठवणी साठवणारा भाग लाल करून दाखवला. आजार सुरू झाला होता. नीरजा गोंधळली. इतकी वर्षं शिकवलेलं आपलं पोरगं मठ्ठ निघालं की काय, असं तिला वाटलं.

“मशीन चुकत असेल, काका. मावशींनी तुमचं नाव किती पटकन सांगितलं.”

“नाय ताई, मशीन खरं बोलती.” पुंजारामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. “लगीन झाल्यापासून हिनं माझं नाव घेतलं नाय. नवऱ्याचं नाव असं घेत्यात व्हय? ‘आवं’ म्हणायची, लईच झालं तर ‘सत्यमचे बाबा’. उखाण्यातबी लाजायची. आज शेजारच्या गड्याचं सांगावं तसं सांगून मोकळी झाली.”

लाखो ठिपके तपासून यंत्राला जे कळलं, ते या माणसाला एका शब्दात कळलं होतं. आपण काहीतरी खरं घडवलं याचा नीरजाला अभिमान वाटला, आणि ते आज खोटं ठरावं असंही मनापासून वाटलं. तिनं डॉक्टरांचा पत्ता दिला, गोळ्यांनी थोडाफार फरक पडतो म्हणाली. पुंजारामांनी मान हलवली.

बाहेर जालना रोडवर नव्या इमारतींच्या कामाची धूळ उडत होती. पुंजाराम रिक्षा थांबवायला पुढं गेले. मागून हाक आली, “पुंजाराम, ओ पुंजाराम.”

कडेला उभ्या असलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

पुंजाराम वळले. “जी,” म्हणाले, आणि मागं येऊन त्यांनी वच्छलाबाईंचा हात धरला.